घणाची बोली

सरकारनं माझे हात बदलून दिले. फुकट दिले, वर चहा-बिस्किटंही दिली. तक्रार करायला तोंड ठेवलं नाही म्हणतात ना, तसं. आणि तोंडाची मला तरी कुठं फारशी गरज होती? माझं जे काही बोलणं होतं, ते हातांतच होतं.

हे कळायचं तर आधी हॅमर शॉप म्हणजे काय ते सांगायला हवं. साखळीला टांगलेला लालभडक लोखंडाचा ठोकळा, त्याला सांडशीनं धरून फिरवणारा मी, वरून पडणारा दीड पुरुष उंचीचा घण आणि दांडा ओढून तो घण पाडणारा जाफर मुलाणी. घण पडला की पायाखालची जमीन हलायची. तिथं बोलून उपयोग नाही, ओरडून तर नाहीच. म्हणून आमच्या आधीच्या लोकांनी हातांची बोली काढली होती. डावा हात सांडशीवर, उजवा बोलायला मोकळा. दोन बोटं खाली झुकवली की हलका घाव. पंजा उलटा केला की जोराचा. मूठ वळून वर धरली की थांब. नवा माणूस शॉपमध्ये आला की त्याला सगळ्यात आधी मूठ शिकवायची. मग ती मूठ फोरमननं करो नाहीतर झाडूवाल्यानं, दिसली की घण थांबलाच पाहिजे. कुणाचा तरी हात, कुणाचा तरी जीव तिच्यावर असायचा.

आता माणसं अख्खी शिफ्ट समोरासमोर उभी राहणार, ती काय नुसती कामाचं बोलणार? त्या चार-दोन खुणांना फाटे फुटत गेले. डब्यात काय आणलंय, पोरीचं कुठं जमलं, साहेबाच्या पोटाचा घेर किती वाढला, सगळं आम्ही दोन घावांच्या मधल्या वेळात बोलायचो. प्रत्येकाला खुणेचं नाव होतं. जाफरचं नाव कानाची पाळी, कारण विचारात पडला की तो ती ओढत बसायचा. कामाची खूण आणि गप्पांची खूण एकाच हातातून, एकामागोमाग निघायची. त्यांच्या मध्ये कुंपण नव्हतं आणि कुंपण हवं असं आम्हाला कधी वाटलंही नाही.

या बोलीनंच माझं लग्न जमवलं. सुवर्णाला जन्मापासून ऐकू येत नाही. माहेरी तिला सगळे मुकी म्हणायचे. मी बघायला गेलो तेव्हा तिनं चहाचा कप काठोकाठ भरून आणला होता. आता सांडणार असं वाटलं आणि माझी दोन बोटं आपोआप खाली झुकली. हळू! तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, कप खाली ठेवला आणि जशीच्या तशी दोन बोटं मला करून दाखवली. आमच्याकडचे पाहुणे पोहे खात बसले होते, त्यांना काही कळलं नाही. माझं तिथंच ठरलं.

कारखान्याच्या वसाहतीत आल्यावर ती महिन्याभरात आमची बोली शिकली आणि वर्षभरात माझ्यापुढं गेली. वसाहतीतल्या बायकांना नवऱ्यांमुळं थोडीफार बोली येतच होती, सुवर्णानं त्यांना वळण लावलं. तिचं नाव मी ठेवलं होतं. मनगटावर बांगडीच्या जागी दोन बोटं, हलक्या घावासारखी. आम्हाला मूलबाळ झालं नाही, पण आमचं घर गप्प कधीच नव्हतं. आमच्या वसाहतीत सुवर्णा मुकी नव्हती.

मग वीजगाड्या आल्या. वीजगाडीला इंजिन नसतं, मग इंजिनातला क्रँकशाफ्टही लागत नाही आणि आम्ही जन्मभर क्रँकशाफ्टच ठोकले होते. एका सोमवारी फाटकाला कुलूप दिसलं.

मांडव टाकून बसलो. रस्ता अडवला, लाठ्या खाल्ल्या. झाडून सगळ्या पक्षांची माणसं आमच्या सतरंजीवर बसून फोटो काढून गेली. शेवटी पालकमंत्री आले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "या तालुक्यातला एकही हात मी रिकामा राहू देणार नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पोटात कावळे ओरडत असले की माणूस कशालाही टाळ्या वाजवतो.

योजनेचं नाव नवहस्त. आमच्याच शेडमध्ये रक्त तपासायच्या पट्ट्यांचा कारखाना येणार होता. नखाएवढ्या पट्ट्या चिमट्यानं उचलायच्या आणि खाचेत ठेवायच्या. चाळिशी उलटलेल्या, सांडशीनं घट्टे पडलेल्या हातांना ते शिकवायला वर्षं गेली असती. म्हणून सरकारनं यंत्र आणलं होतं. योजनेच्या डॉक्टर श्रद्धा नाईकनवरे यांनी मांडवातच ते समजावून सांगितलं. बाई चांगल्या होत्या, आम्हाला अडाणी समजून बोलत नव्हत्या.

"हाताला जे काम येतं, त्याची आठवण मेंदूत पक्की बसलेली असते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही ते काम करायला घेता ना, तेवढ्यापुरती ती आठवण सैल होते. थोड्या वेळानं परत घट्ट बसते. ती सैल आहे तोवर तिच्यात बदल करता येतो."

"म्हंजी भट्टीतनं काढल्यागत," जाफर म्हणाला. "गरम हाय तंवर पायजे तसा आकार द्यायचा."

"अगदी तसंच! तुम्ही खुर्चीत बसून जुनं काम आठवायचं, हात तसे हलवायचे. टोपीतली चुंबकं ती जागा सैल ठेवतील. हातमोज्यांतून नवीन हालचाल तुमच्या बोटांना दिली जाईल. घट्ट होताना मेंदू जुनीच्या जागी नवी धरून बसेल. जे आठवाल तेवढंच बदलेल, बाकीच्याला धक्का लागणार नाही."

"आन् जुनं काम? ते गेलंच म्हणायचं?"

"ते आधी यंत्रात उतरवून घेणार आहोत. तुमचं कौशल्य वाया जाणार नाही."

याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. आम्हाला वाटलं, सरकार आमची आठवण काढून ठेवतंय.

घरी येऊन मी सुवर्णाला सगळं सांगितलं. तिनं पोळपाट बाजूला सारला. घणाच्या बोलीत अहो-जाहो नसतं, ती मला थेट विचारायची.

"हे हात कुणाचे आहेत?"

"माझे."

"अर्धे माझे आहेत. मला विचारलंस?"

मी म्हटलं, नुसती सांडशी जाणार, बाकी सगळं राहणार, डॉक्टरनं तसं सांगितलंय. आणि योजनेत नाव घातलं नाही तर खोली सोडावी लागेल. तिनं माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग तिनं मूठ वळून वर धरली. थांब.

आयुष्यात पहिल्यांदाच मी ती मूठ पाहून थांबलो नाही. थांबून जाणार कुठं होतो?

तालीम आमच्याच जुन्या कॅन्टीनमध्ये होती. ओळीनं खुर्च्या, डोक्यावर टोप्या, हातांत मोजे. आधीचे दिवस नुसतं उतरवून घ्यायचं, बदल शेवटच्या दिवशी. भिंतीवर पाटी होती, 'तालीम सुरू असताना बोलू नये.' बोललं की मेंदूतले संदेश यंत्राला नीट पकडता येत नाहीत म्हणे. आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. बोलू नका हे आम्हाला कुणी सांगावं? हॅमर शॉपमध्ये कोण कधी बोललं होतं?

आणि आम्ही जसं जन्मभर केलं तसंच केलं. सांडशी धरल्यासारखा डावा हात, त्याच्याबरोबर उजवा. हलका घाव, जोराचा घाव, आणि मधल्या वेळात गप्पा. मांडवातल्या फजित्या, मंत्र्याच्या नकला, कुणाच्या घरात काय शिजलं. सांडशी हातात असताना उजवा हात गप्प ठेवणं आमच्यातल्या कुणाला जमलंच नसतं, आणि मुळात तो गप्प ठेवायचा असतो हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पलीकडं बसलेली यंत्रावरची माणसं कौतुकानं म्हणायची, "काय बारीक काम आहे हो तुमचं! किती हालचाली!"

शेवटच्या दिवशी जाफर माझ्या समोर होता. हसणं सगळं संपलं होतं. त्यानं हातानंच विचारलं, "भ्या वाटतंय का रं?"

मी मनगटावर दोन बोटं ठेवली. मग छातीवरून हात झटकला. सुवर्णा आहे. भीती कसली.

यंत्रावर नोंद चालूच होती. मोजे गरम झाले. बोटांतून मुंग्या आल्या. हे आमचं शेवटचं बोलणं.

दुपारी घरी आलो. सुवर्णा दारातच उभी होती. "संपलं?"

संपलं, चहा टाक, एवढंच सांगायचं होतं. मी हात वर केला. अंगठा आणि पहिलं बोट जुळलं, हवेतून काहीतरी उचललं आणि बाजूला ठेवलं. परत उचललं. परत ठेवलं.

ती हसली. तिला वाटलं, मी नव्या कामाची नक्कल करतोय. "पुरे आता. नीट बोल."

मी तिचं नाव घ्यायला गेलो. बोटं मनगटापर्यंत पोचलीच नाहीत, वाटेतच चिमटा झाला. उचल, ठेव. उचल, ठेव. तिचं हसू सावकाश मावळलं. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला. तिच्या मुठीत माझी बोटं पट्ट्या उचलतच होती. मग ती रडली. सुवर्णाच्या रडण्याला आवाज असतो, तिला तो माहीत नाही. शेजारपाजारचे धावत आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे नाईकनवरे बाईंकडं गेलो, सगळ्यांचं तेच झालं होतं. "तुम्ही बोलत होतात? हातांनी? अहो, मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणालासा, बोलू नका. आम्ही न्हाई बोललो," जाफर म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. बिचारा खरंच सांगत होता.

जे सैल असताना आठवलं, ते सगळं गेलं होतं. समोरच्याचा हात वाचता यायचा, आपला उठायचा नाही. मला सुवर्णाचं सगळं कळत होतं आणि तिला माझं काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, मग सरकारी खुणांची भाषा तरी शिकवा. समाजकल्याणचा एक माणूस येऊन शिकवूनही गेला. पण हात अर्थ सांगायला उचलला रे उचलला की त्याच खाचेत जाऊन पडायचा. बाई म्हणाल्या, कारखाना सुरू होईपर्यंत नवं काम विसरलं जाऊ नये म्हणून ते पक्कं करून टाकलंय.

"मग ते उतरवून घेतलेलं परत घाला माझ्या हातात."

त्यांनी खरं ते सांगितलं. ती नोंद आता सरकारकडं नव्हती. योजनेचा खर्च निघावा म्हणून एका कंपनीला हक्कासकट विकली होती.

मोबाइल होता की, असं लोक म्हणतात. होता. सुवर्णाला वाचता येतं, आम्ही लिहून बोलायचो. डाळीत मीठ कमी आहे हे लिहून सांगता येतं. पण नवरा-बायकोचं किती बोलणं कामाचं असतं? ती भाकरी थापताना मी पाठीमागून आरशात करायचो ती चेष्टा, भांडणात दोघांचे हात एकाच वेळी चालायचे ते, झोपताना तिच्या तळहातावर बोटांनी काढलेलं एखादं वाक्य, हे कुठं लिहिणार? मी लिहिलं, तुझी आठवण येते. ती समोर बसली होती. तिनं ते वाचलं आणि मोबाइल पालथा घातला.

मग पट्ट्यांचा कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. तांत्रिक कारण, असं मंत्र्यांनी सांगितलं. आमचे हात तयार होते, कारखाना नव्हता. वसाहत रिकामी व्हायला लागली. जाफर पोरीकडं मिरजेला निघाला, मी स्टँडवर पोचवायला गेलो. बस हलली तसा त्यानं खिडकीतून निरोपाचा हात काढला, मीही वर केला. उगाच नुसता हलवला असता तर हलला असता. पण आम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना. दोघांची बोटं हवेत पट्ट्या उचलत राहिली. शेवटी त्यानं हात आत घेतला आणि कानाची पाळी धरली. ती त्याची सवय, ती कुणी पुसली नव्हती. बस वळणाआड गेली.

बोलीतलं कुणीच उरलं नाही. सुवर्णाचे हात घरात हलेनासे झाले. सांगणार कुणाला? किराणावाल्यानं एकदा माझ्यासमोर तिला मुकी म्हटलं. मी त्याची गचांडी धरायला गेलो तर बोटं त्याच्या शर्टाचं बटण चिमटीत धरून बसली. तो हसला, आणि त्याचं हसणं बरोबरच होतं.

अशात मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आला. ज्या कंपनीनं आमचं काम विकत घेतलं होतं, तिनं शेजारच्या राज्यात पवनचक्क्यांचे शाफ्ट ठोकायचा माणसांशिवायचा कारखाना काढला होता. त्यांना एक जुना सांडशीवाला हवा होता. कायमची नोकरी, राहायला घर. "साहेबांनी स्वतः तुमचं नाव सुचवलंय," पलीकडचा माणूस म्हणाला. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. खोली सोडायची नोटीस दारावर लागलेली होती. सुवर्णाला मी लिहून दाखवलं. तिनं दोन पिशव्या भरल्या.

तिथले इंजिनिअर देशकर मूळचे वर्ध्याचे. मराठी माणूस भेटला म्हणून त्यांनाच आनंद झाला. सुवर्णालाही त्यांनी आत येऊ दिलं. आम्हाला काचेमागच्या सज्जात उभं केलं.

खाली घण होता. भट्टी होती, लाल शाफ्ट होता. सांडशीला दोन यंत्राचे हात होते, करडे, पाच-पाच बोटांचे. जाफरच्या जागी कुणी नव्हतं. घणाला कॅमेरा होता आणि तो उजव्या हाताकडं बघून घाव घालत होता. दोन बोटं झुकली, हलका घाव. पंजा उलटला, जोराचा. मनगट जरा वाकडं करून पंजा वळवायची ती लकब माझी होती. तो माझा हात होता.

"काम झकास करते ते," देशकर म्हणाले. "प्रॉब्लेम एकच आहे. मध्ये मध्ये काहीतरी फालतू हालचाली करत बसते, वेळ जाते त्याच्यात. आम्ही काढायला गेलो तर घावच चुकले. कोणती खूण कामाची अन् कोणती बिनकामाची, हे आम्हाला समजत नाही बा. तुम्ही एकेक दाखवत जायचं, आम्ही पुसत जाऊ. बस, एवढंच काम तुमचं."

शाफ्ट फिरला. हलका घाव, हलका घाव. मग दोन शाफ्टांच्या मधल्या वेळात तो करडा हात आपल्याच मनगटावर गेला आणि त्यानं दोन बोटं अलगद ठेवली. मग छातीच्या उंचीवरून हवा झटकली.

सुवर्णा आहे. भीती कसली.

सुवर्णानं दोन्ही तळवे काचेवर टेकले होते. तिचं नाव कुणी घेतलेलं तिनं किती दिवसांनी पाहिलं होतं. पुढचा शाफ्ट आला, घाव पडले, हातानं परत तेच म्हटलं. आणि तिचे हात काचेवरून सुटले. ती बोलायला लागली. भराभर, कितीतरी महिन्यांचं साचलेलं. कुठं होतास, किती वाट पाहिली, वसाहत रिकामी झाली, मला तिथं मुकी म्हणतात. वाचता सगळं येत होतं मला. एकही शब्द माझ्यासाठी नव्हता.

"हे बघा, हेच ते," देशकर म्हणाले. "हे मनगटावर बोटं ठेवते ना, हे फालतूच असंल?"

हो म्हटलं असतं की नोकरी होती. घर होतं, चूल होती. आणि त्या हातातून ती पुसली गेली असती. माझ्या हातातून गेली तशी, माझ्याच तोंडानं.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "ते लागतंय. त्याच्याबिगर घाव बसायचा न्हाई."

"आणि बाकीचं?"

"समदं लागतंय. ह्यात फालतू काय बी न्हाई."

माणूस वाईट नव्हता. "मग तुम्हाला बोलावून काय उपयोग झाला, दादा?" देशकर म्हणाले, आणि फोन काढून बाजूला गेले. नोकरी गेली हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. आता परत जायला खोलीही नव्हती.

मी सुवर्णाच्या खांद्याला हात लावला. चल. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती त्या हाताला काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा, आणि उत्तरासाठी थांबत होती. तो शाफ्ट फिरवायचा, घाव घ्यायचा, तेच एक वाक्य म्हणायचा आणि पुढच्या शाफ्टाकडं वळायचा. तिला आता ते उमगायला लागलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तिनं एकदा करून पाहिलं. काचेला अगदी चिकटून उभी राहिली आणि मूठ वळून वर धरली.

आमच्या शॉपमध्ये वर धरलेली मूठ दिसली आणि घण थांबला नाही, असं कधी झालं नव्हतं. खाली घाव पडत राहिले. ती मूठ तशीच धरून उभी होती.